लिव्हरवरचे व्रण आणि पेशींची ऑटोफॅजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ऑटोफॅजी’ हा शब्द गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेतून निघून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पोचला. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलं की दोन दिवसांत कुणी ना कुणी तो पाठवतंच. त्यावरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकच प्रश्न चार तऱ्हांनी आला असेल तिथे त्यातला एक घेतला. सगळं वाचायला वेळ नसेल तर ५ आणि ६ वाचा. बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

१. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःला खाणं, असं वाचलं. मग पेशी मरत नाही का?

एरवी नाही. पेशी स्वतःला संपवत नाही, स्वतःतलं भंगार मोडीत काढते. बिघडलेला मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जा बनवणारी भट्टी), घडी चुकलेलं प्रथिन, चरबीचा थेंब, असं काही असलं की त्याच्याभोवती दुहेरी पडद्याची एक पिशवी तयार होते, तिचं तोंड मिटतं आणि ती लायसोसोम नावाच्या दुसऱ्या पिशवीला जाऊन मिळते. लायसोसोममध्ये आम्ल आणि पाचक विकरं असतात. तिथे प्रथिनाची अमिनो आम्लं होतात, चरबीची मेदाम्लं होतात, आणि हे तुकडे पेशी पुन्हा वापरते.

जुन्या साडीची गोधडी होते तसं, अशी उपमा मी आधी द्यायचे. ती पुरती जुळत नाही. गोधडीत साडीचा काठ ओळखू येतो. इथे दोरा न् दोरा सुटा होतो. त्यातून काहीही विणता येतं, किंवा सरळ चुलीत घालता येतं. हे चुलीत घालणं प्रश्न ६ मध्ये पुन्हा येईल.

शब्द बेल्जियमचे क्रिस्तियाँ द दुव्ह यांनी १९६३ मध्ये आणला. लायसोसोमचा शोधही त्यांचाच. ही यंत्रणा कोणत्या जनुकांवर चालते ते जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात यीस्टमध्ये शोधलं आणि त्याबद्दल त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. ‘उपवासाला नोबेल मिळालं’ असा जो संदेश फिरतो तो याच नोबेलवरून. ओसुमींनी यीस्टला उपाशी ठेवलं होतं एवढं खरं. माणसाने किती तास उपाशी राहावं हा त्या कामाचा विषय नव्हता.

२. ही क्रिया तर सगळ्या पेशींत चालते. मग लिव्हरचीच एवढी चर्चा का?

एक तर ती प्रथम नीट दिसली यकृतातच. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला अ‍ॅशफोर्ड आणि पोर्टर यांनी उंदराच्या यकृतात ग्लुकॅगॉन सोडलं आणि लायसोसोमच्या पिशव्यांत मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे पाहिले. ग्लुकॅगॉन हे पोट रिकामं असताना वाढणारं संप्रेरक.

दुसरं म्हणजे यकृत हे शरीराचं कोठार. बाहेरून काही आलं नाही की पहिल्यांदा तेच उपसलं जातं. उंदराला दोन दिवस उपाशी ठेवलं तर त्याच्या यकृतातल्या प्रथिनांपैकी पाव हिश्श्याहून जास्त खर्ची पडतात, आणि ते काम मुख्यतः ऑटोफॅजीच करते. शिवाय औषधं, दारू, आतड्यातून येणारी विषारी द्रव्यं या सगळ्यांचा पहिला मारा यकृतपेशीवर होतो. भंगार रोज निघतं, ते रोज उचललं गेलंच पाहिजे.

३. फॅटी लिव्हर, फायब्रोसिस, सिरॉसिस: हे एकाच आजाराचे वेगवेगळे शब्द आहेत का?

नाही. फॅटी लिव्हर म्हणजे यकृतपेशींत चरबी साठणं. फायब्रोसिस म्हणजे इजा झालेल्या जागी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू भरत जाणं, यकृतावरचे व्रण. सिरॉसिस ही त्याची शेवटची पायरी: व्रणांच्या पट्ट्या एकमेकींना मिळतात, मधल्या पेशींच्या गाठी होतात आणि रक्ताची वाट अडते. डॉक्टर हे एफ-० ते एफ-४ असं मोजतात. एफ-४ म्हणजे सिरॉसिस.

फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेकांना सिरॉसिस होत नाही. आणि उलट बाजूने, फायब्रोसिस व्हायला चरबीच लागते असंही नाही. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, दारू, पित्तनलिकेतला अडथळा, शरीरात साठलेलं तांबं किंवा लोह, यातलं काहीही पुरतं. सोनोग्राफीत चरबी दिसते, सुरुवातीचे व्रण दिसत नाहीत; त्यासाठी काय करायचं ते प्रश्न १० मध्ये.

४. हे व्रण तयार कोण करतं?

मुख्यतः ताराकृती पेशी. यकृतातल्या एकूण पेशींत त्या शंभरात पाच ते आठच असतील. यकृतपेशी आणि रक्तवाहिनी यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळात त्या पाय पसरून बसलेल्या असतात आणि शरीरातलं बहुतांश अ जीवनसत्त्व चरबीच्या थेंबांत साठवतात. जर्मनीच्या कुप्फर यांनी त्या १८७६ मध्ये पाहिल्या, पण त्यांची दुसऱ्याच पेशींशी गल्लत झाली. जपानच्या केन्जिरो वाके यांनी १९७१ मध्ये तो गुंता सोडवला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं या पेशींचा पत्ताच चुकीचा होता.

त्यांचं रूप बदलताना पाहायचं असेल तर उंदराच्या यकृतातून त्या वेगळ्या करून प्लास्टिकच्या बशीत ठेवतात. पहिल्या दिवशी पेशी गोलसर आणि आत चमकदार थेंब. अतिनील प्रकाश टाकला की अ जीवनसत्त्वामुळे थेंब निळसर-हिरवे उजळतात, आणि फोटो काढायला उशीर केला तर काही सेकंदांत विझतातही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पेशी पसरू लागते. आठवड्याने पाहावं तर थेंब गेलेले, पेशी चपटी, लांबरुंद, आत स्नायूसारखे ताणलेले तंतू, आणि भोवती कोलॅजन सोडण्याचा सपाटा. कडक प्लास्टिकवर बसवलं एवढंच निमित्त. यकृताला वारंवार इजा झाली की आतही हेच होतं. कोठारातला माणूस कोठार रिकामं करून गवंडी होतो, आणि भिंत कुठे थांबवायची ते त्याला कुणी सांगत नाही.

५. सरळ सांगा: ऑटोफॅजी लिव्हरचे व्रण कमी करते की वाढवते?

सरळ उत्तर: कोणत्या पेशीत, यावर आहे. यकृतपेशीत ती चालू असली तर व्रण टळतात (प्रश्न ७). ताराकृती पेशीत तीच क्रिया व्रण करायला बळ पुरवते (प्रश्न ६). यंत्रणा तीच, जनुकं तीच, पिशव्याही त्याच. फक्त शेजारच्या दोन पेशींतले हेतू वेगळे.

‘ऑटोफॅजी वाढवा, लिव्हर सुधारा’ असं कुणी म्हटलं की मी एकच विचारते: कुणाची वाढवू? एका घरात कर्जाचे पैसे शिक्षणाला जातात, शेजारच्या घरात जुगाराला. बँकेने कर्ज सरसकट वाढवलं म्हणून गाव सुधारलं असं होत नाही.

६. ताराकृती पेशीत ती व्रण वाढवते, हे कशावरून ठरलं?

प्रश्न ४ मधले थेंब आठवा. ते कुठे जातात? बरीच वर्षं असं धरलं होतं की पेशी बदलताना ते आपोआप ओसरतात, म्हणजे थेंब जाणं हा बदलाचा परिणाम. २०११ मध्ये दिसलं की ऑटोफॅजी अडवणारं द्रव्य दिलं तर ताराकृती पेशींचं रूपांतर रेंगाळतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या स्कॉट फ्रीडमन यांच्या गटाने पुढचं दाखवलं. त्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्या फक्त ताराकृती पेशींत एटीजी-७ हे ऑटोफॅजीला लागणारं जनुक काढून टाकलं होतं. यकृताला रसायनाने इजा केली. साध्या उंदरांना जेवढे व्रण झाले त्यापेक्षा या उंदरांना कमी झाले, आणि त्यांच्या ताराकृती पेशींत चरबीचे थेंब शिल्लक होते.

म्हणजे थेंब ओसरत नव्हते, मोडले जात होते. ऑटोफॅजी थेंब फोडून मेदाम्लं सुटी करते, ती मायटोकॉन्ड्रियात जाळली जातात, आणि त्या ऊर्जेवर पेशी कोलॅजनची गिरणी चालवते. याची उलटतपासणीही त्यांनी केली, आणि मला स्वतःला तीच जास्त पटली: ऑटोफॅजी बंद पाडलेल्या पेशींना बाहेरून ओलिक आम्ल, म्हणजे आयतं मेदाम्ल, दिलं तर त्यांचं गवंडीकाम काही प्रमाणात पुन्हा सुरू झालं. खोळंबा इंधनाचाच होता.

७. आणि यकृतपेशीत ती बंद पडली तर काय होतं?

२००५ मध्ये जपानमध्ये मासाआकी कोमात्सु आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतातलं तेच एटीजी-७ जनुक काढलं. यकृत फुगून कित्येक पट झालं, पेशींत बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया आणि प्रथिनांचे गोळे साठले. त्या गोळ्यांत पी-६२ नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याचं काम भंगारावर चिठ्ठी लावून ते पिशवीपर्यंत नेण्याचं. उचल बंद झाली की हमालच ढिगात अडकतो. २००७ मध्ये दिसलं की पी-६२ सुद्धा काढून टाकलं तर यकृताची इजा बरीच कमी होते. म्हणजे नुकसान नुसत्या कचऱ्याने होत नाही, साठलेला पी-६२ पेशीचे इतर संदेशही बिघडवतो. दारूमुळे खराब झालेल्या यकृताच्या बायोप्सीत पॅथॉलॉजिस्टला जे मॅलरी-डेंक गोळे दिसतात त्यांतही पी-६२ असतं.

अशा पेशी मरू लागतात, सूज येते, सूज ताराकृती पेशींना जागं करते. व्रणाची सुरुवात शेजारच्या पेशीच्या कुजलेल्या सामानातून होते, असं म्हटलं तरी चालेल.

माणसातलं चांगलं उदाहरण अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या आनुवंशिक दोषाचं. हा आजार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. त्यात यकृतपेशी एक वाकडं प्रथिन बनवते, ते बाहेर पडू शकत नाही, आणि ते उपसण्याचा बराच भार ऑटोफॅजीवर येतो.

८. लिव्हरमधल्या इतर पेशींचं काय?

थोडक्यात: भक्षक पेशी (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या) आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, दोन्ही ठिकाणी ऑटोफॅजी रक्षण करते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये भक्षक पेशींतली ऑटोफॅजी बंद केलेल्या उंदरांत जास्त व्रण पाहिले. अशा पेशी सूज वाढवणारे इंटरल्यूकिन-१ जास्त सोडतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींतही ती अडली की सूज आणि व्रण वाढतात. एकूण हिशोब मांडला तर ताराकृती पेशी एकटी उलट्या बाजूला बसते. पण व्रण करणारीही तीच, त्यामुळे तिचं मत जड.

९. एकादशी, चतुर्थी, गुरुवार असे उपवास मी करते. त्याने लिव्हरची ऑटोफॅजी होत असेल ना?

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीच्या एका बशीने इन्सुलिन चढतं. इन्सुलिन आणि अमिनो आम्लं एमटॉर नावाचं प्रथिन जागं ठेवतात, आणि एमटॉर जागं असताना ऑटोफॅजी दबलेली असते. खिचडी, वेफर्स, रताळ्याचा कीस, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू, असा उपवास पुण्याचा असेल, पेशीच्या दृष्टीने तो जेवणाचाच दिवस.

निर्जळी किंवा नुसत्या पाण्यावरच्या उपवासात ग्लुकॅगॉन वाढतं, इन्सुलिन उतरतं आणि यकृतपेशींतली ऑटोफॅजी चढायला जागा होते. पण माणसाच्या यकृतात ती अमुक तासाला सुरू होते असं सांगणारे जे तक्ते फिरतात (‘सोळाव्या तासाला ऑटोफॅजी, चोविसाव्याला दुप्पट’) त्यांना आधार नाही. उंदराचे तास माणसाला लावता येत नाहीत. उंदीर दोन दिवस उपाशी राहिला तर त्याचं लक्षणीय वजन जातं.

फॅटी लिव्हरमध्ये व्रणांवर ज्याचा परिणाम खरोखर मोजला गेला आहे ते म्हणजे वजन. वजनाच्या पाच टक्के उतरले तर चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांना सूज ओसरते, आणि दहा टक्के किंवा जास्त उतरवणाऱ्यांत व्रणही मागे हटण्याचं प्रमाण चांगलं असतं. ८० किलोच्या माणसाला ८ किलो. ते दोनदाच जेवून उतरवलं की चारदा थोडं थोडं खाऊन, याने फारसं बिघडत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तास वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. सिरॉसिस असेल तर आधी प्रश्न १७.

१०. ऑटोफॅजी किती चालली आहे, याची रक्ताची टेस्ट असते का?

दवाखान्यात वापरण्याजोगी नाही. अशा नावाचं पॅकेज कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा.

प्रयोगशाळेतसुद्धा हे मोजणं फसवं आहे. एलसी-३ नावाचं प्रथिन पिशव्यांवर असतं, त्यावरून पिशव्या मोजता येतात. समजा पेशीत भरपूर पिशव्या दिसल्या. ऑटोफॅजी जोरात आहे? नाक्यावर दहा घंटागाड्या उभ्या दिसल्या तर त्याचे दोन अर्थ होतात: आज कचरा जोरात उचलला जातोय, किंवा डेपोचं फाटक बंद आहे म्हणून गाड्या रांगेत अडकल्यात. एका फोटोवरून ते कळत नाही. त्यासाठी मुद्दाम डेपो बंद करून रांग आणखी वाढते का ते पाहावं लागतं. वाढली तर गाड्या येत होत्या. बातम्यांमध्ये ‘अमुक पदार्थाने ऑटोफॅजी वाढली’ असं येतं तेव्हा डेपो तपासला होता का, हे क्वचितच लिहिलेलं असतं.

तुम्हाला हवा आहे तो आकडा व्रणांचा, आणि तो घरबसल्या काढता येतो. नाव फिब-४. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या रक्ताच्या रिपोर्टमधली दोन विकरं. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ९० हजार असतील तर प्लेटलेट १९० धरायच्या. वर ५२ × ४८ म्हणजे २,४९६. खाली १९० × ८ म्हणजे १,५२०. उत्तर १.६४. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर गंभीर व्रणांची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त. मधला असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावा. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित नीट लागू पडत नाही. फायब्रोस्कॅनला जाताना किमान तीन तास काही खाऊ नका. जेवणानंतर यकृतात रक्त वाढतं आणि ते आहे त्यापेक्षा कडक दिसतं.

११. दारूने ऑटोफॅजी वाढते असं एकाने पार्टीत सांगितलं. खरं आहे?

अर्धं. उंदरांना एकदाच भरपूर दारू दिली तर यकृतपेशींत ती वाढलेली दिसते. पेशी धडपडून बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया आणि चरबी उपसत असते. आग लागल्यावर बंब धावतात त्यातला प्रकार. रोजच्या पिण्याने लायसोसोम बिघडतात आणि उपसा मंदावतो. पुढचं प्रश्न ७ मध्ये आहेच. बंब पाहायला मिळावा म्हणून कुणी आग लावत नाही, हे त्या पार्टीवाल्याला सांगा.

१२. मग ऑटोफॅजीवर काम करणारं औषध का देत नाहीत? मला संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे, त्याचा फायदा होईल का?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि त्याचं भावंड क्लोरोक्विन लायसोसोमचं आम्ल मारतात, म्हणजे डेपो बंद करतात. क्लोरोक्विनने उंदरांत व्रण कमी झाल्याचे प्रयोग आहेत. पण गोळी गिळल्यावर ती ताराकृती पेशी शोधत जात नाही, यकृतपेशीतही शिरते, आणि तिथला डेपो बंद झालेला आपल्याला नको आहे. संधिवातासाठी दिलं आहे, संधिवातासाठीच घ्या; लिव्हरसाठी मात्रा वाढवू नका, त्याचा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो.

उलट बाजूने, अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या दोषात (प्रश्न ७) फिट्सवरचं जुनं औषध कार्बामाझेपिन उंदरांना देऊन पाहिलं गेलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ऑटोफॅजी वाढली, वाकडं प्रथिन कमी झालं आणि व्रणही. माणसांत ते उपचार म्हणून रुजलेलं नाही.

आज फॅटी लिव्हरमधून झालेल्या सिरॉसिसपूर्व व्रणांसाठी अमेरिकेत दोन औषधांना मान्यता आहे: मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम, ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड. दोन्ही ऑटोफॅजीची औषधं म्हणून बनलेली नाहीत. पण रेस्मेटिरॉम यकृतात थायरॉइड संप्रेरकासारखं काम करतं, आणि थायरॉइड संप्रेरक यकृतपेशीतल्या चरबीची ऑटोफॅजी वाढवतं हे सिंगापूरच्या एका गटाने २०१२ मध्ये दाखवलं होतं. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: हे औषध मुख्यतः यकृतपेशीतच जाईल असं बेतलेलं आहे. ‘कुणाची वाढवू?’ या प्रश्नाला औषधवाल्यांनी दिलेलं ते उत्तर म्हणता येईल.

१३. रॅपामायसिन एमटॉर दाबून ऑटोफॅजी वाढवतं. तरी प्रयोगात त्याने व्रण कमी झाले. मग प्रश्न ६ चं उत्तर चुकलं ना?

हा मला आलेला सगळ्यात चांगला प्रश्न. १९९९ मध्येच उंदरांत रॅपामायसिनने (आपल्याकडे सिरोलिमस) व्रण कमी झाल्याचं दिसलं होतं. एमटॉर हा मुख्य स्विच आहे. त्यावर ऑटोफॅजीखेरीज पेशीची वाढ, विभाजन आणि प्रथिनं बनवणंही अवलंबून आहे. तो दाबला की ताराकृती पेशीला इंधन मिळेल, पण तिची संख्या वाढत नाही आणि गिरणीच मंदावते. एका औषधाने दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कशाचा, हे त्या प्रयोगातून ठरत नाही. प्रश्न ६ मधल्या कामात एका पेशीतलं एक जनुक काढलं होतं, म्हणून त्याचं वजन जास्त.

मात्र ६ चं उत्तरही दगडावरची रेघ नाही. अलीकडच्या काही प्रयोगांत ताराकृती पेशीतल्या ऑटोफॅजीने व्रणांना चिथावणारी पुडकी बाहेर सोडणं कमी झाल्याचं दिसलं आहे. पेशी नुकती जागी होतेय की पुरती गवंडी झालीय, इजा कशाची आहे, यावर बाजू फिरू शकते.

१४. गुळवेल, डिटॉक्स ज्यूस वगैरेंनी ऑटोफॅजी होऊन लिव्हर साफ होतं का?

‘साफ’ हा शब्द यकृताला लागू नाही. यकृत म्हणजे गाळणी नाही, की साचलं आणि धुतलं. बशीतल्या पेशींवर एखाद्या वनस्पतीचा अर्क टाकून ऑटोफॅजी वाढलेली दाखवणं अवघड नसतं. पेशीला विष दिलं तरी ती वाढते. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. वाद बाजूला ठेवा. कावीळ, थायरॉइड किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका, आणि काय घेता ते लपवू नका. कॉफी पिणाऱ्यांत व्रण कमी आढळतात, हे मात्र अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बिनसाखरेची.

१५. आजी म्हणते तांब्याच्या भांड्यातलं पाणी लिव्हरला चांगलं. दूधही त्यातच ठेवलं तर?

पाणी ठेवायला फारशी हरकत नाही. दूध, ताक, लिंबू सरबत नको. याची एक पुण्याची गोष्ट आहे. १९८० च्या दशकात पुण्यात लहान मुलांचा एक जीवघेणा सिरॉसिस बराच दिसत असे. पुण्यातल्या आणि ब्रिटिश डॉक्टरांनी मिळून घराघरांत चौकशी केली तेव्हा धागा लागला: तान्ह्या बाळाला दिलेलं वरचं दूध तांब्याच्या किंवा पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं. दुधातलं केसीन तांबं धरून ठेवतं आणि ते बाळाच्या यकृतात साठतं. घरांत स्टील आलं आणि हा आजार जवळपास नाहीसा झाला.

ऑटोफॅजीशी संबंध असा, की तांब्याने भरलेली यकृतपेशी स्वतःला वाचवायला ऑटोफॅजी वाढवते. तांबं बाहेर टाकण्याचं जनुक बिघडलेल्या विल्सन आजारात २०१९ मध्ये हे दाखवलं गेलं: तिथे ती वाढलेली दिसते, आणि ती अडवली तर पेशी जास्त मरतात.

१६. झालेले व्रण परत जातात का? ऑटोफॅजी ते खाऊन टाकेल?

जातात, पण ऑटोफॅजी ते खात नाही. ऑटोफॅजी पेशीच्या आतलं मोडते; व्रणाचं कोलॅजन पेशीबाहेर असतं. ते भक्षक पेशी आणि त्यांनी सोडलेली विकरं तोडतात. कारण थांबलं की उंदरांत निम्म्याच्या आसपास गवंडी पेशी पुन्हा शांत होतात, बाकीच्या मरतात. शांत झालेल्या मात्र पुढच्या इजेला पहिल्यापेक्षा लवकर जाग्या होतात.

माणसांतला आकडा: हेपटायटिस बी वर ५ वर्षं टेनोफोविर घेतलेल्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या बायोप्सीत पाच वर्षांनी सिरॉसिस उरला नव्हता. पोटात पाणी, रक्ताची उलटी इथवर गेलेल्यांत एवढी आशा धरता येत नाही.

१७. सासूबाईंना सिरॉसिस आहे. त्या संकष्टी आणि एकादशी सोडत नाहीत, वर म्हणतात उपवासाने लिव्हर दुरुस्त होतं. काय सांगू?

सांगा की त्यांचा उपवास रोज रात्री होतोच. सिरॉसिसमध्ये यकृतातला साखरेचा साठा तुटपुंजा असतो. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर ज्या अवस्थेला येतो, तिथे हे रुग्ण रात्रीच्या झोपेनंतर सकाळीच पोचलेले असतात. मग शरीर स्नायू मोडून साखर करतं. त्यात यकृताने न काढलेला अमोनिया स्नायूंमधली ऑटोफॅजी आणखी चढवतो. पुन्हा तोच प्रश्न, कुणाची वाढली? इथे दंड-मांड्यांची. स्नायू गेले की अमोनिया निस्तरणारी दुसरी जागाही जाते.

म्हणून दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं नको आणि झोपताना काहीतरी हवंच. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम, जे वरण-भातातून सहज होत नाही. प्रथिनं बंद करायची ही जुनी समजूत आता मागे पडली आहे.

व्रत मोडवत नसेल तर भांडू नका. सकाळी राजगिऱ्याची लापशी दुधात, अकराला दही, दुपारी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, चारला पनीरचे तुकडे, असं चालतं. चंद्रोदय रात्री साडेनऊचा असेल तर तोवर थांबायचं नाही, आणि झोपताना दूध व राजगिऱ्याचे दोन लाडू. मधुमेह असेल तर गूळ-साखरेचा हिशोब डॉक्टरांकडून घ्या. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर मीठ जपून. शेंदेलोण उपवासाला चालतं, पण तेही सोडियमच.